वीस सेशन्सनंतर: स्वमग्न प्रौढांच्या तीव्र चिंतेवर उपचार करणाऱ्या एका केंद्राविषयी

वयाच्या 34व्या वर्षी मला ऑटिझमचे, म्हणजे स्वमग्नतेचे निदान झाले. त्यानंतर सुमारे दीड वर्षाने मी ज्या समुपदेशन केंद्रात तीव्र चिंतेवर उपचार घेऊ लागले, त्या केंद्राच्या सेवेबद्दल मी येथे लिहीत आहे. केंद्राचे नाव मी देणार नाही, कारण माझे उपचार अजून तिथेच चालू आहेत आणि तिथल्या उणिवाही मला मोकळेपणाने लिहायच्या आहेत. ज्यांना स्वतःसाठी किंवा घरातल्या कोणासाठी अशी सेवा शोधायची आहे, त्यांना नावापेक्षा तिथे नेमके काय केले जाते हे कळण्याचा उपयोग अधिक होईल, असे मला वाटते.

तिथे जाण्यापूर्वीची माझी अवस्था सांगणे आवश्यक आहे, कारण ‘चिंता’ हा शब्द रोजच्या बोलण्यात इतका सैलपणे वापरला जातो की त्यावरून फारसे काही कळत नाही. दाराची घंटा वाजली की माझे हात बधिर होत. फोन वाजत राहिला तर तो थांबल्यानंतरही तासभर मला वाचलेले समजत नसे. ठरलेल्या वेळेत दहा मिनिटांचा बदल झाला तरी पोटात कळ येऊन मी जमिनीवर बसून राही. शेवटचे तीन आठवडे मी घराबाहेर पडले नव्हते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार करणाऱ्या एका विश्लेषणात स्वमग्न मुलांपैकी आणि किशोरवयीनांपैकी सुमारे 40 टक्के जणांना किमान एक चिंताविकार असल्याचे आढळले होते. हे मी नंतर वाचले. त्या तीन आठवड्यांत मात्र हे फक्त माझ्याच बाबतीत घडते आहे, अशी माझी खात्री होती.

याआधी मी दोन ठिकाणी उपचार घेतले होते आणि दोन्ही सोडून दिले होते. पहिल्या ठिकाणी मला डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगत. श्वासाकडे लक्ष गेले की मला छातीतले ठोके, गिळण्याचा आवाज आणि कपड्यांच्या शिवणी एकाच वेळी जाणवू लागत आणि घाबरणे वाढे. हे मी सांगितले तेव्हा सरावाने जमेल, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक सेशनची सुरुवात ‘आज कसे वाटते आहे?’ या प्रश्नाने होई. त्याचे उत्तर मला सापडत नसे आणि माझ्या गप्प बसण्याचा अर्थ मला सहकार्य करायचे नाही, असा लावला गेला.

या तिसऱ्या केंद्राचे वेगळेपण पहिल्या भेटीच्या आधीच दिसले. नाव नोंदवण्यासाठी फोन करावा लागत नाही. सगळा व्यवहार लेखी होतो. भेटीच्या चार दिवस आधी मला एक ईमेल आला. त्यात इमारतीच्या दाराचे, जिन्याचे, प्रतीक्षाकक्षाचे आणि ज्या खोलीत बसायचे तिचे छायाचित्र होते, थेरपिस्टचेही होते. पहिल्या भेटीत काय काय होईल ते क्रमाने लिहिलेले होते: ओळखीची पाच मिनिटे, नंतर साधारण अर्धा तास प्रश्न, मग पुढच्या टप्प्यांची माहिती, एकूण वेळ 50 मिनिटे. हेडफोन घातले तरी चालेल, नजरेला नजर देण्याची गरज नाही, बोलायचे नसेल तर टाइप करता येईल आणि मध्येच उठून बाहेर गेलात तर कोणी मागे येणार नाही, हेही त्यात होते. शेवटचे वाक्य वाचून मी रडले. बाहेर पडता येईल याची खात्री असली की आत जाता येते, हे मला कधीच कोणाला समजावून सांगता आले नव्हते, आणि इथे ते कोणीतरी आधीच लिहून ठेवले होते.

या ईमेलकडे सौजन्य म्हणून पाहिले जाऊ नये, कारण उपचाराची सुरुवात तिथूनच होते. पुढे काय घडणार हे माहीत नसणे सहन न होणे, ज्याला अनिश्चिततेची असहनीयता म्हणतात, हे स्वमग्न व्यक्तींच्या चिंतेचे एक मोठे कारण मानले जाते. न्यूकॅसल विद्यापीठातील जॅकी रॉजर्स, मार्क फ्रीस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच एका मुद्द्याभोवती आधी स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी आणि नंतर प्रौढांसाठी उपचारपद्धती विकसित केली. मदत मागण्याच्या वाटेवरच अनिश्चितता जास्तीत जास्त असते: फोन कोण उचलेल, किती वेळ थांबावे लागेल, काय विचारतील, किती सांगावे लागेल. ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज असते तेच त्यामुळे दारापर्यंत पोचत नाहीत. या केंद्राने ते दार आधी दाखवले.

प्रश्नावलीबद्दल मात्र माझी तक्रार होती, आणि तिचे पुढे काय झाले ते सांगण्यासारखे आहे. चिंतेची तीव्रता मोजण्यासाठी तिथे 2006 पासून जगभर वापरात असलेली जीएडी-7 ही सात प्रश्नांची प्रश्नावली देतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, याला शून्य ते तीन गुण द्यायचे असतात. एकूण गुण 21, आणि 15 किंवा त्याहून अधिक गुण आले तर चिंता तीव्र समजतात. त्यातला एक प्रश्न इतके अस्वस्थ होण्याबद्दल आहे की एका जागी बसणे कठीण जावे. मी रोजच बसल्या जागी झुलते आणि खोलीत फेऱ्या मारते, पण तसे केल्यानेच मला शांत वाटते. ज्या दिवशी मी पूर्ण निश्चल बसलेली असते तो दिवस सगळ्यात वाईट असतो. मग खरे उत्तर कोणते? ‘काही दिवस’ म्हणजे किती दिवस? ‘काहीतरी भयंकर घडेल अशी भीती’ या प्रश्नातली भयंकर गोष्ट केवढी धरायची, दाराची घंटा वाजणे त्यात येते का? मी चाळीस मिनिटे त्या सात प्रश्नांपुढे बसून होते.

थेरपिस्टबाईंनी माझ्याकडून कागद परत न घेता मला पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, “गुण नंतर बघू. तुम्हाला प्रत्येक प्रश्नाबद्दल जी शंका आहे ती शेजारी लिहा.” मी कडेची सगळी मोकळी जागा भरली. त्या नोंदी त्यांनी माझ्यासमोर बसून वाचल्या आणि आम्ही दोघींनी मिळून गुण भरले; ते 19 झाले. पहिल्या सेशनचा बराच वेळ यात गेला आणि तो वाया गेला असे मला मुळीच वाटत नाही, कारण माझ्या चिंतेबद्दल त्या नोंदींतून जेवढे कळले तेवढे त्या आकड्यातून कळले नसते.

भावना ओळखता किंवा शब्दांत मांडता न येण्याला अलेक्सिथायमिया म्हणतात. हा शब्द मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी 1970च्या दशकात रूढ केला, आणि स्वमग्न व्यक्तींमध्ये ही अडचण इतरांपेक्षा बरीच जास्त आढळते. ‘कसे वाटते?’ हा प्रश्न माझ्यासाठी निरुपयोगी का होता, याचे उत्तर मला या शब्दात मिळाले. या केंद्रात तो प्रश्न विचारतच नाहीत. त्याऐवजी शरीराची एक रेखाकृती पुढे ठेवून जबड्यात, हातांत, पोटात काय होते आहे ते विचारतात. मग ते आधी कधी झाले होते आणि त्यानंतर काय घडले, हे विचारतात. भावनेचे नाव शेवटी येते आणि आलेच नाही तरी सेशन पुढे जाते.

दुसरे साधन मोजपट्टीचे होते. एक ते दहा या मोजपट्टीवर मला चिंता सांगता येत नव्हती, कारण सहा आणि सात यांत काय फरक आहे ते मला कोणी सांगू शकले नव्हते. मला लहानपणापासून ढगांची आवड आहे. ल्यूक हॉवर्ड यांनी 1802 मध्ये ढगांना दिलेली लॅटिन नावे मी आठव्या वर्षी पाठ केली होती, आणि गेली अनेक वर्षे मी रोजच्या आकाशाची नोंद ठेवते. हे ऐकल्यावर थेरपिस्टबाईंनी विचारले की आकाश किती भरले आहे हे कसे मोजतात. मी सांगितले की ते आठांशांत मोजतात: शून्य म्हणजे निरभ्र, चार म्हणजे अर्धे आकाश झाकलेले, आठ म्हणजे पूर्ण झाकलेले. धुक्यामुळे किंवा अन्य कारणाने आकाशच दिसत नसेल तर नोंदीत नऊ लिहितात. “मग आपण हीच मोजपट्टी घेऊ,” त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी चिंता आठांशांत सांगते, आणि नऊ या आकड्याने माझे फार मोठे काम केले. आयुष्यात पहिल्यांदाच ‘मला माझे आकाश दिसत नाही’ असे सांगायला एक अधिकृत आकडा मिळाला, आणि तो सांगितल्यावर समोरचे माणूस नाराज होत नव्हते. तंतुमेघ उंचावर दिसू लागले की पुष्कळदा हवा बदलणार असते. माझे तंतुमेघ कोणते, म्हणजे पूर्ण भरून येण्याच्या कितीतरी आधी दिसणारी चिन्हे कोणती, ते शोधायला आम्हाला पाच सेशन्स लागली. उजेड जास्त प्रखर वाटू लागणे आणि एकच वाक्य मनात पुन्हा पुन्हा घोळणे ही ती दोन चिन्हे निघाली.

ब्रिटनमधील नाइस या संस्थेने 2012 मध्ये स्वमग्न प्रौढांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत मानसिक उपचारांत बदल करताना अधिक ठोस आणि आखीव मांडणी, लेखी व चित्ररूप माहिती, रूपकांऐवजी साधी भाषा, मध्ये विश्रांती आणि व्यक्तीच्या खास आवडीचा उपयोग यांची शिफारस आहे. ही माहिती उघड उपलब्ध असूनही आधीच्या दोन ठिकाणी तिचा मागमूस नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते.

आता या सेवेतील मला सर्वांत मोलाच्या वाटलेल्या भागाकडे येते. चिंतेवरच्या प्रचलित उपचारात, विशेषतः विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या सीबीटी पद्धतीत, ज्याची भीती वाटते त्याला टप्प्याटप्प्याने सामोरे जायला सांगतात. न पळता तिथे थांबले की भीती ओसरते आणि आपण कल्पिलेले संकट आले नाही हे मनाला पटते. हे तत्त्व खरे आहे, पण हात वाळवण्याच्या यंत्राचा आवाज मला भीतिदायक वाटत नाही, तो मला दुखतो. संवेदनांची अतितीव्रता हा स्वमग्नतेचाच भाग आहे. 2013 च्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेने तिचा निकषांत समावेश केला. दुखणाऱ्या आवाजाजवळ कितीही वेळ उभे राहिले तरी तो दुखायचा थांबत नाही. त्यातून एवढेच शिकायला मिळते की आपल्या दुखण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. पूर्वी मला गर्दीच्या दुकानात वीस मिनिटे उभे राहण्याचा ‘गृहपाठ’ दिला गेला होता. तो मी चार वेळा प्रामाणिकपणे केला आणि चौथ्या वेळेनंतर दोन दिवस मला बोलता आले नाही.

इथे आम्ही दोन याद्या केल्या. पहिल्या यादीत शरीराला खरोखर त्रास देणाऱ्या गोष्टी होत्या आणि त्यांच्यावरचा उपाय आवाज रोखणारे कानटोप, टोपी, कमी गर्दीची वेळ निवडणे किंवा सरळ न जाणे हा होता; तो ‘टाळाटाळ’ या सदरात धरला जात नव्हता. दुसऱ्या यादीत अनिश्चिततेच्या गोष्टी होत्या, आणि त्यांच्यावर सराव होता. सरावही लहान आणि मी स्वतः निवडलेला असे: मैत्रिणीने दुपारी दोन ते चारच्या दरम्यान कधीही संदेश पाठवायचा आणि नेमकी वेळ मला सांगायची नाही, ओळखीच्या ठिकाणी अनोळखी रस्त्याने जायचे, दुसऱ्या कोणी निवडलेले पुस्तक आधी काही न वाचता सुरू करायचे. प्रत्येक वेळी आधी अंदाज लिहायचा, नंतर प्रत्यक्षात काय झाले ते लिहायचे. अंदाज खरा ठरला, असेही काही वेळा झाले. बाईंनी तेव्हा मला उगीच धीर दिला नाही. आम्ही ती गोष्ट कोणत्या यादीत जायला हवी याचा पुन्हा विचार केला. अनेक गोष्टी दोन्ही याद्यांत बसतात आणि त्यांचा भाग वेगळा काढणे अवघड जाते, हे मान्य केले पाहिजे. दाराच्या घंटेचे कोडे असेच सुटले: आवाजासाठी घंटा बदलली, आणि कोण आले असेल या भीतीसाठी सराव केला.

औषधांबद्दल थोडक्यात लिहिते. केंद्राशी जोडलेले मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि त्यांनी मला चिंता आणि नैराश्यावर वापरल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातील एक औषध नेहमीपेक्षा कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवले. परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला अस्वस्थता वाढू शकते, हे त्यांनी आधी लिहून दिल्यामुळे ती वाढली तेव्हा मी औषध मनाने बंद केले नाही. कोणाला औषध लागेल आणि कोणाला नाही हे डॉक्टरच ठरवू शकतात, म्हणून माझ्या अनुभवावरून कोणी निष्कर्ष काढू नये.

केंद्राची सर्वांत मोठी चूकही याच विभागात झाली. तिसऱ्या तपासणीला मी गेले तेव्हा खुर्चीत वेगळे डॉक्टर होते आणि मला आधी कळवलेले नव्हते. मला काही बोलता येईना. हात गारठले, ओठ हलेनात; ज्याला शटडाऊन म्हणतात ते माझे तिथेच झाले. नवे डॉक्टर अधिक मोठ्या आवाजात तोच प्रश्न विचारू लागले. स्वागतकक्षातील कर्मचारी महिलेने दारातून पाहिले, आत येऊन दिवा मंद केला, टेबलावर कागद आणि पेन ठेवले आणि डॉक्टरांना हळूच सांगितले, “त्यांना लिहू द्या, घाई नाही.” ज्या संस्थेने दाराचे छायाचित्र पाठवण्याइतकी काळजी घेतली, तिला डॉक्टर बदलल्याचे दोन ओळींत कळवणे सुचू नये, याचा मला राग आला आणि तो मी लेखी कळवला. सहा दिवसांनी उत्तर आले. त्यात सबबी नव्हत्या; चूक मान्य केली होती आणि यापुढे व्यक्ती, खोली किंवा वेळ यांतला कोणताही बदल शक्य असेल तेव्हा किमान एक दिवस आधी संदेशाने कळवला जाईल, असे म्हटले होते. नंतर दोनदा बदल झाले आणि दोन्ही वेळा संदेश आला. तरीही त्या दिवसानंतर मला पुन्हा त्या खोलीत जायला पाच आठवडे लागले, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

कुटुंबासाठी एकच सेशन ठेवले आहे आणि ते पुरेसे नाही. माझ्या ताईने ते केले. मी कोसळते तेव्हा ती प्रेमापोटीच “काय झालं, सांग ना” असे सतत विचारत असे आणि प्रत्येक प्रश्नासरशी माझे परत येणे लांबत असे. आता ती एकदाच “मी बाजूच्या खोलीत आहे” असे म्हणते आणि जाते. हे तिला मी सांगितले असते तर तिला ते नाकारल्यासारखे वाटले असते. बाईंनी कारणासह सांगितल्यावर तिने वहीत लिहून घेतले.

उणिवा आणखी आहेत. पहिल्या भेटीसाठी मला चार महिने थांबावे लागले आणि त्या काळात रांगेत आपण कुठे आहोत हे कळण्याची सोय नव्हती. अनिश्चिततेवर काम करणाऱ्या केंद्राने ही सोय सर्वांत आधी करायला हवी. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी तातडीची मदत तिथे मिळत नाही. स्वमग्न प्रौढांमध्ये आत्महत्येचे विचार इतरांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतात, म्हणून ही उणीव किरकोळ समजता येणार नाही. तिची काहीशी भरपाई म्हणून दुसऱ्याच सेशनमध्ये माझ्यासोबत एक लेखी योजना केली गेली: कोणत्या चिन्हांवरून धोका ओळखायचा, कोणाला संदेश पाठवायचा, कोणत्या रुग्णालयात जायचे. त्याबरोबर एक कार्डही दिले. ‘मी स्वमग्न आहे. मला आता बोलता येत नाही. कृपया मला स्पर्श करू नका, लिहून विचारा.’ असे त्यावर आहे. जिथे उपचार घ्याल तिथे अशी योजना पहिल्या काही भेटींतच करून मागावी; बरे वाटत असतानाच ती लिहिता येते.

विसाव्या सेशनला आम्ही जीएडी-7 पुन्हा भरली आणि गुण 11 आले. मी अजूनही ओळखीच्या वेळीच बाहेर जाते आणि अनोळखी फोन उचलत नाही. पण आठवड्यातून चार-पाच दिवस मी घराबाहेर पडते, आणि आठ आठांश आकाश भरण्याचे प्रसंग आठवड्याला तीन-चार होते ते महिन्याला एक-दोन झाले आहेत. ज्यांना बोलून मन मोकळे करायचे आहे त्यांना इथली आखीव, कागदांनी भरलेली पद्धत कोरडी वाटू शकेल. ज्यांना काय होणार ते आधी कळले की श्वास घेता येतो, त्यांना मी ती निःशंकपणे सुचवेन.

प्रश्नावलीच्या प्रत्येक प्रश्नाखाली आता ‘तुमच्या शब्दांत’ अशी दोन मोकळ्या ओळींची जागा छापलेली असते. नव्याने येणाऱ्यांना ती पहिल्या दिवसापासून मिळते. प्रतीक्षाकक्षात मात्र अजूनही तीव्र वासाचा सुगंधी फवारा मारतात. मी तीनदा लेखी कळवले आहे. तोपर्यंत मी बाहेर जिन्यावर थांबते आणि खोली रिकामी झाली की मला फोनवर संदेश येतो.